छातीची सोनोग्राफी : फुफ्फुसाचा वाफसा पाहण्याची रीत



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खतांचे हप्ते, हुमणी आणि तोडणीचा कार्यक्रम यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. ऊस विकास विभागाच्या माणसाने दवाखान्याच्या गोष्टीत तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्यात आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदांना रात्री साडेदहाच्या सुमारास दम लागला म्हणून शहरातील एका दवाखान्यात नेले. वय साठीच्या पुढे. पंधरा दिवस बारीक ताप, जेवण तुटलेले, उजव्या कुशीत दुखायचे. अतिदक्षता विभागात घेतल्यावर डॉक्टर म्हणाले, "इथे खाटेवरच छातीची सोनोग्राफी करून बघतो." मुलाने आम्हाला फोन लावला. "साहेब, छातीची कसली सोनोग्राफी? ती तर बायकांची असती न्हवं? उगंच बिल वाढवाय लागल्यात काय?" आणि आम्ही, कृषी पदविकेपलीकडे वैद्यकाचा गंध नसताना, घरात बसून सल्ला देऊन मोकळे झालो : "सोनोग्राफीत छातीतलं काय दिसणार? सिटी स्कॅन करायला सांगा."

सिटी स्कॅनची खोली खालच्या मजल्यावर. तिथे पेशंटला उताणे झोपवावे लागते, आणि यांना बसल्याशिवाय श्वासच घेता येत नव्हता. डॉक्टर समजावत होते, मंडळी आमच्या शब्दावर अडून बसली होती. यात सव्वा तास गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा ऑक्सिजन चालू असूनही बोटाचे मशीन ८४ दाखवत होते. शेवटी मुलाने मान हलवली. दहा मिनिटांत कळले, की उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी भरले आहे आणि फुफ्फुस त्यात दबून गेले आहे. त्याच मशीनवर जागा बघून सुई घातली, सुमारे एक लिटर पाणी सावकाश काढले, आणि तासाभरात माणूस दोन शब्द बोलू लागला. पुढे क्षयाचे निदान झाले, औषधे सुरू झाली, आता ते शेतावर जातात.

माणूस वाचला. पण तो सव्वा तास आमच्या अर्धवट सल्ल्याने गेला, ही बोच राहिली. नंतर आम्ही त्याच डॉक्टरांकडे दोनदा जाऊन बसलो, शंका विचारल्या, थोडे वाचले. जे समजले ते आपल्या भाषेत येथे मांडत आहोत.

आवाजाने पाहण्याची जुनी रीत

छाती आवाजावरून ओळखायची रीत जुनी आहे. ऑस्ट्रियातील ग्राट्झ गावच्या एका खानावळवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर डॉक्टर झाला. पिंप बोटाने वाजवले की आत कुठपर्यंत भरले आहे ते कळते. आपणही टाकी वाजवून पाणी किती आहे ते बघतोच की. हीच रीत त्याने माणसाच्या छातीवर चालवली आणि १७६१ साली त्यावर पुस्तक काढले. पोकळ आवाज आला तर हवा, बद्द आला तर पाणी किंवा घट्टपणा. पुढे १८१६ साली पॅरिसच्या लेनेक यांनी छाती ऐकण्याची नळी काढली, १८९५ साली रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. सोनोग्राफी ही याच वाटेवरची पुढची पायरी समजा.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. आपल्या कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज शरीरात सोडायचा आणि परत येणारा पडसाद पकडून त्याचे चित्र पडद्यावर उमटवायचे, एवढाच तो प्रकार. मांस, पाणी, काळीज यांतून हा आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. हवेची गत वेगळी. हवा लागली की जवळजवळ सगळा आवाज तिथूनच माघारी फिरतो. फुफ्फुस म्हणजे हवेने भरलेला स्पंज. त्यामुळे फुफ्फुसाची सोनोग्राफी होऊच शकत नाही, असे डॉक्टर मंडळीही कित्येक वर्षे धरून चालली होती. तेव्हा आमचा सल्ला अगदीच आमच्या मनचा नव्हता. पण तो फार जुना झालेला होता.

वाफसा, चिबड आणि ढेकूळ

मग हवेतून आवाज जात नसताना फुफ्फुस दिसते कसे? याचे उत्तर आपल्या रानात आहे. चांगल्या जमिनीत माती, पाणी आणि हवा बेताने असतात, त्याला आपण वाफसा म्हणतो. पाणी जादा झाले की हवा निघून जाते, मुळे गुदमरतात आणि रान चिबड होते. फुफ्फुसाचेही तसेच आहे. निरोगी फुफ्फुस वाफशावर असते. आजारात हवेच्या जागी पाणी, पू किंवा रक्त शिरते. हवा जितकी कमी होईल तितका आवाज आत जाऊ लागतो आणि पडद्यावरचे चित्र बदलते. डॉक्टर हा बदल वाचतात. ढोबळमानाने पाच चित्रे आहेत.

१. वाफशावरचे फुफ्फुस : छातीच्या आतून एक पातळ पडदा असतो आणि फुफ्फुसावर दुसरा. श्वासाबरोबर हे दोन पडदे एकमेकांवर सरकतात. मशीनवर एक चकचकीत रेघ मागेपुढे सरकताना दिसते. तिच्याखाली ठराविक अंतरावर आडव्या रेघा दिसतात. कोरड्या विहिरीत हाक मारली की तीच हाक पुन्हा पुन्हा ऐकू येते, तसे हे त्या पहिल्या रेघेचेच पडसाद.

२. ओल धरलेले फुफ्फुस : त्या चकचकीत रेघेपासून खाली उभे प्रकाशाचे झोत निघाल्यासारखे दिसतात. एका जागी असे तीन किंवा जास्त झोत दिसले तर तिथे ओल वाढली, असे धरतात. दोन्ही बाजूंना सारखे असतील तर हृदय थकल्यामुळे पाणी साठले असेल का, हे पाहतात. तुटक आणि ओबडधोबड असतील तर न्यूमोनियासारख्या आजाराकडे लक्ष जाते.

३. घट्ट झालेले फुफ्फुस : हवा पार जाऊन तो भाग चिखलाच्या ढेकळासारखा झाला की तो पडद्यावर चक्क काळजासारखा भरीव दिसतो. न्यूमोनियात असे होते.

४. फुफ्फुसाबाहेर पाणी : फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये पाणी साठले की मध्ये काळा पट्टा दिसतो आणि दबलेले फुफ्फुस त्यात पानासारखे हलते. आमच्या सभासदांचे हेच झाले होते.

५. फुफ्फुसाबाहेर हवा : ट्रॅक्टर उलटून बरगडी मोडली, किंवा कृत्रिम श्वासाच्या मशीनचा दाब सोसला नाही, तर फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर साठते. अशा वेळी ती चकचकीत रेघ सरकायची थांबते. हे ओळखायला वेळ लागला तर माणूस बघता बघता जातो.

यातली शेवटची खूण प्रथम कुठे टिपली गेली ते ऐका. १९८६ साली रँटानेन या जनावरांच्या डॉक्टरांनी ती घोड्याच्या छातीत पाहून लिहून ठेवली. जनावर बोलत नाही आणि त्याला उताणे झोपवता येत नाही. अतिदक्षता विभागातल्या पेशंटची गतही तीच. १९९५ साली फ्रान्सचे डॉ. डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी माणसांवर हीच खूण तपासून प्रसिद्ध केली, १९९७ साली उभ्या झोतांचा अर्थ मांडला, आणि २००८ साली अतिदक्षतेत दम लागून आलेल्या २६० पेशंटांचा हिशेब दिला. फुफ्फुस आणि पायाच्या शिरा ठराविक क्रमाने पाहिल्या तर १०० पैकी ९० जणांच्या दमाचे कारण बरोबर निघाले. २०१२ साली निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र बसून या तपासणीचे नियम ठरवले.

पायाच्या शिरा कशासाठी, असा प्रश्न पडेल. कधी कधी फुफ्फुस वाफशावर दिसते, तरी माणूस दमाने तडफडतो. अशा वेळी दमेकऱ्याचा दमा असेल, किंवा पायाच्या शिरेतली रक्ताची गाठ सुटून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली असेल. शिरेत गाठ दिसली की संशय त्या बाजूला जातो.

फडात ब्रिक्स बघतो तसे

उसाची पक्वता बघायला आम्ही प्रत्येक फडातला ऊस मोळी बांधून प्रयोगशाळेत नेत नाही. आमचा चिटबॉय रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात जातो, उसाचा खालचा, मधला आणि शेंड्याकडचा रस काढतो आणि जागेवर ब्रिक्स सांगतो. सगळा हिशेब शेवटी प्रयोगशाळेतच होतो, पण तोड कधी द्यायची हे फडातच ठरते. खाटेवरची सोनोग्राफी नेमकी अशी आहे. मशीन पेशंटकडे येते. छातीच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा ते बारा जागी बघतात. पाच-दहा मिनिटांचे काम. ऑक्सिजन काढावा लागत नाही, नळ्या सुटत नाहीत, किरण लागत नाहीत. म्हणून सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, औषध दिल्यावर पुन्हा, असे कितीही वेळा करता येते. गरोदर बाईच्या छातीचीही निर्धास्त करता येते.

खाटेवर झोपवून काढलेला एक्स-रे पुष्कळदा फसवतो. पाणी पाठीकडे पसरते आणि फिल्मवर नुसता धुरकटपणा येतो. सोनोग्राफीत ते पाणी वेगळे ओळखता येते आणि सुई कुठे घालायची, किती खोल घालायची हेही ठरते. सलाईन किती द्यायचे यालाही तिचा उपयोग आहे. रक्तदाब पडला म्हणून सलाईन द्यावे लागते, पण फुफ्फुसात उभे झोत वाढू लागले की ओल वाढते आहे, आता पाणी आवरा, असा इशारा मिळतो. पाटपाण्याने रान कसे चिबडते ते आपल्याला सांगायला नको. कृत्रिम श्वासाचे मशीन काढायच्या वेळी पोट आणि छाती यांमधला श्वासाचा स्नायू नीट हलतो की नाही, हेसुद्धा या मशीनने पाहतात.

आपल्या शिवारातले दम

हे सारे आपल्याला लांबचे वाटू नये. २०२०-२१ मध्ये कोरोनाने घरोघर बोटाचे मशीन आणले आणि "स्कोअर पंचवीसपैकी किती?" हा प्रश्न पारावर आणला. तेव्हापासून दम म्हटला की सिटी स्कॅन, हे डोक्यात बसले आहे. पण दम काही एकट्या कोरोनाचा नसतो.

फवारणीचे काही कीटकनाशक अंगात भिनले की फुफ्फुसात आतूनच पाणी सुटते. मण्यार चावली की उलट होते. फुफ्फुस चांगले असते, पण श्वासाचे स्नायू लुळे पडतात. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात काम करताना पायाच्या जखमेतून लेप्टोचा ताप शिरतो आणि बळावला तर फुफ्फुसात रक्त उतरते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या ऊसतोड्यांनी याच तापाला भिऊन १९३५ साली संप केला होता. फड आधी पेटवून उंदीर घालवा, मगच तोडतो, ही त्यांची मागणी. यांखेरीज क्षयाचे पाणी, न्यूमोनिया आणि थकलेले हृदय आहेच. बाहेरून बघावे तर या सगळ्यांत माणूस सारखाच धापा टाकतो. उपाय मात्र वेगवेगळे. एकाला पाणी द्यायचे तर दुसऱ्याचे काढायचे. म्हणून पहिल्या तासात आत काय आहे हे कळणे महत्त्वाचे.

कोल्हापूर आणि सोनोग्राफीचे नाव

"ती तर बायकांची असती न्हवं?" हा मुलाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सोनोग्राफी या शब्दाला आपल्या जिल्ह्यात एक डाग लागलेला आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ मुली निघाल्या. ऊस, दूध, सहकार यांत पुढे असलेल्या जिल्ह्याला मान खाली घालायला लावणारा हा आकडा होता. गर्भलिंग तपासणीविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला होता, केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात, २०१० च्या सुमारास, जिल्ह्यातील सोनोग्राफी मशीनवर नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण बसवण्याचा निर्णय झाला. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले, पण ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले.

या कायद्याचा अतिदक्षता विभागाशी थेट संबंध येतो. मशीन छातीसाठी घेतलेले असो की हृदयासाठी, त्याची नोंदणी करावी लागते. हातात घेऊन फिरण्याजोगे मशीनसुद्धा, फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद सोडला तर, ज्या दवाखान्यात नोंदले असेल तिथेच, तिथल्या दाखल पेशंटांसाठी वापरावे, असा २०१२ पासूनचा नियम आहे. म्हणून "मशीन घेऊन आमच्या घरी या" असा आग्रह डॉक्टरांना करू नये. हा जाच नव्हे. आपल्याच लेकींसाठी घातलेले हे कुंपण आहे. पण कुंपण गैरवापराला घातलेले आहे, छातीच्या तपासणीला नाही. लेकींच्या जिवावर उठलेल्या वापराला ठाम नकार आणि जीव वाचवणाऱ्या वापराला होकार, हा फरक आपल्याला करता आला पाहिजे.

मर्यादाही समजून घ्या

ही तपासणी म्हणजे सगळ्याला एकच औषध नव्हे. फुफ्फुसाच्या गाभ्यातला दोष, त्याच्यावर हवेचा थर असला तर दिसत नाही. कातडीखाली हवा शिरली असेल किंवा अंगावर चरबी फार असेल तर चित्र धूसर येते. उभे झोत दिसले म्हणजे ओल आहे एवढेच कळते. ती हृदयामुळे की जंतूंमुळे, हे रक्ततपासणी, हृदयाची सोनोग्राफी आणि पेशंटची हकीकत जुळवूनच ठरते. रेघ सरकत नाही म्हणजे हवाच साठली, असेही दरवेळी नसते. आणि शेवटी बघणाऱ्याची नजर. एकाच फडावर नवा आणि जुना चिटबॉय वेगळे टनेज सांगतात, तसे इथेही होऊ शकते. सिटी स्कॅनची गरज संपलेली नाही. पेशंट सावरल्यावर, डॉक्टरांनी सांगितल्यास, तो करावाच. प्रश्न आधी काय आणि मग काय, एवढाच आहे.

सभासदांनी काय करावे

(१) बोलताना वाक्य पुरे होत नाही, ओठ निळसर पडले, आडवे होता येत नाही, किंवा बोटाचे मशीन ९० च्या खाली गेले, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

(२) फवारणीनंतर त्रास झाला असेल तर औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी बरोबर न्या. साप चावला असेल तर वेळ सांगा. ताप कधीपासून, क्षय, दमा, हृदयविकार पूर्वी होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे एकाने नीट सांगावे. दहा जणांनी दहा गोष्टी सांगू नयेत.

(३) डॉक्टरांनी खाटेवर छातीची सोनोग्राफी करतो म्हटले तर वेळ घालवू नका.

(४) नंतर शांतपणे विचारा : आत पाणी आहे, हवा आहे की फुफ्फुस घट्ट झाले आहे? कालच्यापेक्षा आज बरे की वाईट? पुढची तपासणी कोणती आणि कधी? हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

(५) गावातून फोनवर सल्ला देणाऱ्यांनी, त्यात साहेब म्हणवणारे आम्हीही आलो, जीभ आवरावी. "डॉक्टर समोर आहेत, त्यांना विचारा" एवढा सल्ला पुरे.

माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका, असे आम्ही तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. पण त्या रात्री आम्ही स्वतःच परीक्षणाच्या आड आलो. ते सभासद परवा गट ऑफिसात आडसालीच्या नोंदीला आले होते. नोंद झाल्यावर हसून म्हणाले, "साहेब, बेण्याचा सल्ला द्या, छातीचा नगं." त्यांचे म्हणणे आम्ही मान्य केले आहे.

— ऊस विकास अधिकारी